६ए म्हणजे सहावी अ नव्हे: अमेरिकेतल्या हायस्कूलचा खेळातला गट कसा ओळखायचा

पोरीची व्हॉलीबॉलच्या टीममध्ये निवड झाली तेव्हा मी कौतुकानं बाबांना फोन केला, म्हटलं बाबा तिची शाळा ६ए आहे, सगळ्यात मोठा गट. बाबा क्षणभर गप्प आणि मग एकदम काळजीनं, "अगं पण ती नववीत ना? सहावी अ मध्ये कशाला बसवली परत?" मी हसून हसून बेजार. पण नंतर लक्षात आलं की इथं दहा-बारा वर्षं राहिलेल्या आपल्या लोकांनाही हे ६ए, ५ए, डिव्हिजन थ्री वगैरे नीट माहीत नसतंच. घर घेताना एजंट आम्हाला "सिक्स-ए स्कूल आहे" असं अशा थाटात सांगत होता की जणू नॅकची ए प्लस प्लस मिळालीय, आणि आम्हीही माना डोलावल्या. त्याचा अभ्यासाशी काडीचा संबंध नसतो हे कळायला दोन वर्षं गेली. म्हणून म्हटलं एकदा सगळं बैजवार लिहून काढावं.

सगळ्यात आधी डोक्यात हे बसवा की हा दर्जा नाही, वजन आहे. कुस्तीत कसं ५७ किलोच्या पैलवानाला ९७ किलोवाल्यासमोर उभा करत नाहीत, तसंच इथं आख्ख्या शाळेला काट्यावर चढवतात. आणि शाळेचं वजन म्हणजे तिची पटसंख्या. तीन हजार पोरांतून अकरा जण निवडणारी शाळा आणि ऐंशी पोरांतून कशीबशी टीम उभी करणारी शाळा यांची मॅच लावण्यात काही राम नाही, एवढाच साधा विचार आहे त्यामागं. बाकी सगळी गुंतागुंत म्हणजे तो पट मोजायचा कसा, रेष मारायची कुठं, आणि रेषेच्या कडेला जे बसतात त्यांचं काय करायचं, यावरची भांडणं.

तर पहिलं काम म्हणजे तुमच्या राज्याची संघटना कोणती ते बघा. देशपातळीवर एनएफएचएस नावाची संस्था आहे, इंडियानापोलिसला, तिच्याकडे ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी अशा ५१ संघटना जोडलेल्या आहेत आणि २०२३-२४ मध्ये हायस्कूलच्या खेळांतला सहभाग पहिल्यांदाच ८० लाखांच्या वर गेला म्हणे. पण ती संस्था खेळाचे नियम लिहिते, गट पाडत नाही. गट पाडतं तुमचं राज्य. टेक्सासमध्ये यूआयएल, पेनसिल्वेनियात पीआयएए, इलिनॉयमध्ये आयएचएसए, कॅलिफोर्नियात सीआयएफ, आणि प्रत्येकाचा कारभार निराळा. त्यामुळं न्यू जर्सीच्या वहिनींनी सांगितलेलं टेक्सासमध्ये लागू होत नाही, आणि उलटही.

हा निराळेपणा कुठवर जातो बघा. टेक्सासमध्ये १ए सगळ्यात लहान आणि ६ए सगळ्यात मोठा, म्हणजे आकडा वाढला की शाळा वाढली. ओहायोत बरोब्बर उलटं, तिथं डिव्हिजन वन म्हणजे सगळ्यात मोठ्या शाळा आणि फुटबॉलमध्ये (इथं फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला अमेरिकन, आपला नव्हे) सातवी डिव्हिजन म्हणजे एकदम खेड्यातल्या. न्यू जर्सीत ग्रुप म्हणतात, ग्रुप वन लहान, ग्रुप फोर मोठा, वर फुटबॉलसाठी ग्रुप फाइव्ह वेगळाच. न्यूयॉर्क राज्यात अक्षरं, डी सगळ्यात लहान आणि मग वर वर जात ए, एए, आणि अलीकडे काही खेळांत एएए पण, बॅटरीच्या सेलसारखं. वॉशिंग्टन राज्यात १ए च्या खाली अजून २बी आणि १बी आहेत. माझा आतेभाऊ ओहायोत असतो, त्याचा मुलगा डिव्हिजन वनमध्ये खेळतो म्हटल्यावर आमच्याकडच्या एका काकूंना वाटलं बिचारा अगदी तळात पडला. आणि त्याच वाक्यावर दुसऱ्या काकूंना वाटलं की त्याला कॉलेजची स्कॉलरशिप पक्की, कारण एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांच्या संघटनेची, पण डिव्हिजन वन असते. दोघीही चुकल्या. हायस्कूलची डिव्हिजन आणि कॉलेजची डिव्हिजन यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, नुसतं नाव सारखं. हे मात्र कुठंतरी लिहूनच ठेवा कारण पोरगं अकरावीत गेलं की हा घोळ हमखास होतो.

दुसरं काम, तुमच्या शाळेचा अधिकृत आकडा शोधा, आणि तो शाळेच्या वेबसाइटवरचा नाही बरं का. संघटनेनं गट पाडण्यासाठी जो धरलाय तोच. दोन्ही आकडे वेगळे निघतात आणि मग लोक भांडत बसतात. टेक्सासमध्ये नववी ते बारावीचा पट धरतात आणि तोही एका ठरलेल्या दिवसाचा, ऑक्टोबरमधल्या शेवटच्या शुक्रवारचा, त्याला स्नॅपशॉट डे म्हणतात. आपल्याकडे पटपडताळणी व्हायची ना, साधारण तोच प्रकार, फक्त इथं त्या दिवशी शेजारच्या गावातून पोरं आणून बसवायची सोय नसते. नोव्हेंबरमध्ये शंभर पोरं नवीन आली तरी पुढच्या दोन वर्षांच्या हिशोबात ती नाहीत.

पेनसिल्वेनियात आणि ओहायोत मुलांच्या खेळांसाठी फक्त मुलगे मोजतात आणि मुलींच्या खेळांसाठी फक्त मुली, त्यामुळं एकच शाळा मुलांच्या बास्केटबॉलमध्ये एका गटात आणि मुलींच्या बास्केटबॉलमध्ये दुसऱ्या गटात असं होऊ शकतं आणि ती चूक नसते. शिवाय बऱ्याच राज्यांत बारावीची पोरं धरतच नाहीत, नववी ते अकरावीच मोजतात, कारण हा पट आज मोजला तरी वापरायचा पुढच्या वर्षी, तोवर बारावीवाले शाळा सोडून गेलेले असणार. मला हे टेक्सासपेक्षा जास्त पटतं, पण मला कोण विचारतंय.

अजून एक गंमत, शाळेची इमारत आणि खेळातली शाळा एकच असेल असंही नाही. टेक्सासमधल्या प्लॅनोमध्ये सीनियर हायस्कूल फक्त अकरावी-बारावीची असतात आणि नववी-दहावीची पोरं वेगळ्या शाळांत बसतात, पण खेळाच्या हिशोबात ती सगळी एकत्र मोजली जातात. त्यामुळं "अहो आमच्या पोराच्या शाळेत तर एवढी मुलं नाहीतच" असं म्हणणारे तिथं भेटतात आणि त्यांचंही तसं खरंच असतं.

आणि नुसतं डोकी मोजून थांबतील तर ती अमेरिका कसली. मिनेसोटात ज्या मुलांना फुकट किंवा सवलतीत जेवण मिळतं त्यांच्या संख्येच्या ४० टक्के शाळेच्या पटातून वजा करतात. कारण सरळ आहे, घरची परिस्थिती बेताची असेल तर पोरगं शाळा सुटल्यावर कामाला जातं, धाकट्या भावंडांना सांभाळतं, क्लबचे पैसे भरणं तर लांबच, म्हणजे पटावर नाव असूनही ते मैदानावर येण्याची शक्यता कमी. हिशोब करून बघा, समजा पट १००० आहे आणि त्यातली ५०० मुलं जेवणाच्या सवलतीत आहेत, तर ५०० चे ४० टक्के म्हणजे २०० वजा, खेळासाठी ती शाळा ८०० ची. शेजारच्या श्रीमंत उपनगरात तेवढ्याच १००० मुलांत सवलतवाले ५०, तिथं वजा होणार फक्त २०, ती शाळा ९८० ची राहिली. दोघांचा पट सारखा असून गट वेगळे पडू शकतात. ही पद्धत मला तरी सगळ्यात शहाणपणाची वाटते.

उलट बाजूनं गुणाकार करणारीही राज्यं आहेत, आणि तो बसतो प्रायव्हेट शाळांवर. इलिनॉयमध्ये ज्या शाळांना हद्दीचं बंधन नाही, म्हणजे कुठूनही मुलं घेता येतात, त्यांचा पट १.६५ नं गुणतात. म्हणजे ६०० ची शाळा खेळासाठी ९९० ची धरायची. सारखं हरत असेल तर त्यातून सूटही मिळते. अलाबामात हाच आकडा बरीच वर्षं १.३५ होता. टेनेसीनं १९९७ पासून सरळ दोन घरंच केली, फी-माफी देऊन खेळाडू घेणाऱ्या प्रायव्हेट शाळा डिव्हिजन टूमध्ये आणि बाकी सगळे डिव्हिजन वनमध्ये, तिथं डिव्हिजनचा पटाशी संबंधच नाही. टेक्सासमध्ये बहुतेक प्रायव्हेट शाळा यूआयएलच्या बाहेरच खेळतात, अपवाद दोन, डॅलसची जेझुइट आणि ह्यूस्टनची स्ट्रेक जेझुइट, दोन्ही ६ए मध्ये. त्यामुळं तुमचं पोर प्रायव्हेटमध्ये असेल तर आधी त्या शाळेच्या ऑफिसात विचारा की तुम्ही नक्की कुठल्या संघटनेत आहात, नाहीतर तुम्ही भलत्याच यादीत शाळेचं नाव शोधत बसाल, मी बसले होते एकदा मैत्रिणीसाठी, अर्धा तास.

आकडा मिळाला की तिसरं काम कटऑफ बघायचं. अकरावीच्या अॅडमिशनला कटऑफ लिस्ट लागायची तसंच. यूआयएलच्या २०२४ ते २०२६ च्या फेरीत ६ए ची रेष २२७५ ला होती, ५ए म्हणजे १३१५ ते २२७४, ४ए म्हणजे ५४५ ते १३१४, आणि सगळ्यात खाली १ए म्हणजे १०४.९ किंवा कमी. ते पॉइंट नऊ मूल कुठल्या बाकावर बसतं हे मला विचारू नका. हे आकडे दर दोन वर्षांनी बदलतात म्हणून जुनी यादी बघून कुणाशी पैज लावू नका. २०१४ पर्यंत तर ६ए नव्हताच, ५ए हाच सगळ्यात वरचा होता, त्यामुळं जुने टेक्सासवाले अजूनही मोठ्या शाळेला तोंडातून ५ए म्हणून जातात.

काही राज्यं रेष अशी आकड्यावर मारतच नाहीत, सगळ्या शाळा पटाप्रमाणं उतरत्या क्रमानं लावायच्या आणि वरून मोजत कापायच्या. कॅन्ससमध्ये पहिल्या ३६ शाळा ६ए, पुढच्या ३६ शाळा ५ए असं. मिशिगनमध्ये शाळांचे साधारण चार सारखे भाग, डिव्हिजन एक ते चार, बास्केटबॉलमध्ये २०१८ पर्यंत तिथं क्लास ए ते डी होते. अशा राज्यांत तुमची शाळा आहे तेवढीच राहिली तरी दुसऱ्या कुणाची फुगली किंवा आटली म्हणून तुमचा गट बदलू शकतो. रांगेत पुढचा माणूस निघून गेला की आपण आपोआप पुढं सरकतो तसं.

आता खरी महत्त्वाची गोष्ट, जी कुणी सांगत नाही. नुसता गट बघून काही कळत नाही, गटात आपण कुठं आहोत ते बघा. ६ए ला वरची मर्यादा नसते. २२८० ची शाळाही ६ए आणि डॅलसजवळच्या अॅलनसारखी पाच हजारांहून जास्त पोरांची शाळाही ६ए. काठावर पास झालेल्या शाळेला दुपटीहून मोठ्या शाळेशी खेळावं लागतं. तेच ती शाळा वीस पोरं कमी असती तर ५ए मधली सगळ्यात मोठी ठरली असती आणि मजेत जिंकत बसली असती. म्हणजे २२६० आणि २२८० या दोन शाळांत फरक एका वर्गखोलीएवढा, पण एक जण गल्लीतला दादा आणि दुसरा नवीन आलेला भाडेकरू. म्हणून आकडा मिळाला की गटाच्या वरच्या आणि खालच्या रेषेपासून तो किती लांब आहे ते एका कागदावर लिहा, मग तुमच्या शाळेची टीम का हरते किंवा का जिंकते याचा निम्मा उलगडा तिथंच होतो. उरलेला निम्मा कोचचा, त्यात मी पडत नाही.

अॅलन आणि फ्रिस्को ही शेजारशेजारची गावं आहेत, दोन्हीकडे आपली मंडळी भरपूर, आणि दोघांनी या बाबतीत अगदी विरुद्ध रस्ते घेतले. अॅलननं गाव वाढलं तरी एकच हायस्कूल ठेवलं, सगळा पट एका टीममागं, आणि ६ कोटी डॉलरचं १८ हजार खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं २०१२ मध्ये. ते दोन वर्षांत तडे गेले म्हणून काही काळ बंदही ठेवावं लागलं, त्यावर टेक्सासमध्ये जे विनोद झाले ते झाले. फ्रिस्कोनं ठरवलं की एका हायस्कूलमध्ये साधारण २१०० च्या वर मुलं नकोतच, पट वाढला की नवीन शाळा काढायची, असं करत करत बारा हायस्कूल झाली. परिणाम काय, फ्रिस्कोच्या शाळा ६ए च्या रेषेखाली, म्हणजे ५ए मध्येच राहत आल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अॅलन भारी कारण ६ए. पण हिशोब करा, प्रत्येक शाळेची व्हर्सिटी, म्हणजे शाळेची मुख्य टीम, एकच. अॅलनमध्ये सगळ्या गावाला मिळून एक पहिली व्हॉलीबॉल टीम, फ्रिस्कोत बारा. तुमच्या मुलीला कोर्टवर उतरायचं असेल तर कुठं जागा जास्त, तुम्हीच सांगा. उलट ज्याला हजारोंच्या समोर शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात खेळायचंय त्यानं अॅलनलाच जावं. दोन्ही बरोबर, आपलं पोर कोणत्या जातकुळीचं आहे ते बघायचं.

आमची शाळा मोठी, आणि तिथल्या ट्रायआउटचा, म्हणजे निवड चाचणीचा, दिवस मी विसरणार नाही. ऑगस्टची सुरुवात, बाहेर भट्टी पेटलेली, आत जिममध्ये पन्नासेक मुली, प्रत्येकीच्या टीशर्टला पाठीमागं कागदी नंबर पिनांनी लावलेला, आमची ३७ नंबर. आम्ही आया काचेबाहेर, आत बघायला परवानगी नाही, तरी सगळ्या नाक चिकटवून उभ्या. संध्याकाळी लिंक येणार, त्यात नावं नाहीत, नुसते नंबर. तिचा नंबर नववीच्या दुसऱ्या टीममध्ये दिसला तेव्हा तिनं घरभर उड्या मारल्या. आणि याच्या अगदी उलट माझी मैत्रीण, नवरा एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर, शाळा २ए. तिच्या मुलाला कोचनंच घरी फोन केला होता की येशील का, आम्हाला माणसं कमी पडतायत. आता तो फुटबॉल, बास्केटबॉल, ट्रॅक सगळं खेळतो, फुटबॉलमध्ये पुढच्या फळीतही तोच आणि बचावालाही तोच, आणि हाफटाइमला बाकीचे पाणी पितात तेव्हा हा तसाच खांद्याचं पॅडिंग घातलेलं, हेल्मेट काढून ठेवलेलं, हातात ट्रंपेट घेऊन बँडबरोबर मार्च करतो. मैत्रीण म्हणते ते बघायला मी दर शुक्रवारी जाते, मॅच गेली खड्ड्यात.

त्याहून लहान शाळांसाठी खेळच बदललेला आहे. १ए मध्ये सहा जणांचा फुटबॉल चालतो, हा १९३४ मध्ये नेब्रास्कात निघाला, मंदीच्या काळात ज्या शाळांकडे अकरा पोरंच नव्हती त्यांच्यासाठी. मैदान १०० ऐवजी ८० यार्डांचं, रुंदीला ४०, फर्स्ट डाउनला, म्हणजे बॉल आपल्याकडेच राहायला ठरलेल्या प्रयत्नांत जेवढं पुढं जावं लागतं त्याला, १० ऐवजी १५ यार्ड लागतात, आणि दुसऱ्या अर्धात कुणी ४५ गुणांनी पुढं गेलं की मॅच तिथंच संपवतात, उगाच अपमान नको. एकदा तरी जाऊन बघाच, आपल्या कबड्डीसारखा वेग असतो, प्रत्येक जण पळत असतो.

आता वेळापत्रक, कारण या सगळ्याची एक ठरलेली तारीख असते. टेक्सासमध्ये याला रीअलाइनमेंट म्हणतात, दर सम वर्षी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला नवी यादी येते आणि ती पुढची दोन शालेय वर्षं चालते. त्यात दोन गोष्टी असतात, एक तुमचा गट, दुसरं तुमचं डिस्ट्रिक्ट. गट पटावर, डिस्ट्रिक्ट नकाशावर. डिस्ट्रिक्ट म्हणजे जवळपासच्या सात-आठ शाळांचं टोळकं, ज्यांच्याशी तुम्ही सीझनभर खेळणार. इथं डिस्ट्रिक्ट शब्दानं पण घोळ होतो कारण शाळा चालवणाऱ्या आयएसडीलाही (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट) लोक डिस्ट्रिक्टच म्हणतात, संदर्भ बघून समजून घ्यायचं. यादी आली की कोच लोक त्याच सकाळी फोनाफोनी करून बाकीच्या मॅचेस ठरवतात, अगदी लग्नाचे हॉल बुक करावेत तसे. आईबापांनी त्या दिवशी नवीन डिस्ट्रिक्टमधल्या शाळांचं अंतर बघून ठेवावं, कारण मंगळवारी रात्री साडेनऊला बस परत येणार की साडेअकराला हे तिथं ठरतं, आणि दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीची टेस्ट असतेच.

प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, अजून एक वळण आहे. टेक्सासच्या ६ए फुटबॉलमध्ये प्रत्येक डिस्ट्रिक्टमधल्या पहिल्या चार टीम पुढं जातात, मग त्या चौघांतल्या जास्त पटाच्या दोन डिव्हिजन वनमध्ये आणि कमी पटाच्या दोन डिव्हिजन टूमध्ये. म्हणजे डिस्ट्रिक्टमध्ये पहिली आलेली शाळा लहान असेल तर ती डिव्हिजन टूमध्ये जाते आणि चौथी आलेली मोठी शाळा डिव्हिजन वनमध्ये, आणि आपल्याला वाटतं अरे हे काय, जिंकून खालच्या वर्गात? तसं नाही, दोन वेगळ्या स्पर्धा आहेत, दोन वेगळे विजेते. ५ए आणि खालच्या गटांत फुटबॉलची ही वाटणी सीझनच्या आधीच होते. इलिनॉयमध्ये तर कित्येक वर्षं फुटबॉलचा गट सीझन संपल्यावरच कळायचा, आधी प्लेऑफला पात्र ठरलेल्या २५६ शाळा घ्यायच्या, मग त्या पटाप्रमाणं लावून ३२-३२ चे आठ गट पाडायचे. शेवटच्या शनिवारी कोण आत आलं आणि कोण बाहेर गेलं यावर तुमचा गट ठरणार, सगळं गाव कॅल्क्युलेटर घेऊन बसलेलं.

हे गट पाडायला हवेतच का यावरही इथं मतं दुभंगलेली आहेत, आणि त्याचं मूळ इंडियानात आहे. १९५४ मध्ये मायलन नावाच्या १६१ पोरांच्या शाळेनं राज्याच्या बास्केटबॉल फायनलला तिच्या दसपट मोठ्या मन्सी सेंट्रलला ३२-३० नं हरवलं, शेवटचा शॉट बॉबी प्लंपचा. तेव्हा तिथं गटबिट काही नव्हतं, सगळे एकाच स्पर्धेत. ती मॅच बघितलेले आणि न बघितलेलेही अजून तिच्याबद्दल बोलतात. इंडियानानं शेवटी १९९७-९८ पासून चार गट केले तर लोक इतके चिडले की विचारू नका, म्हणे आता मायलन पुन्हा कधी होणार? पण मायलन एकदाच झालं, बाकी शेकडो लहान शाळा दर वर्षी पहिल्या दुसऱ्या फेरीत घरी जात होत्या त्यांना कुणी विचारलं नाही. केंटकीत मात्र बास्केटबॉलला अजूनही एकच गट आहे, लहान मोठे सगळे एकत्र, शेवटच्या सोळा टीम लेक्सिंग्टनच्या रप अरीनात. तिथल्या लोकांना याचा भयंकर अभिमान.

पुढं इंडियानानंच असंही केलं की सतत जिंकणाऱ्या टीमला पट न वाढताही वरच्या गटात ढकलायचं, म्हणजे पटाला यशाची जोड दिली. कॅलिफोर्नियात बऱ्याच ठिकाणी प्लेऑफचे गट पटाऐवजी टीमच्या खेळावरच पाडतात. तिथं राहणाऱ्यांनी वरची आकडेमोड सोडून द्यावी आणि आपलं सेक्शन, म्हणजे सीआयएफचा विभाग, कोणतं ते बघून तिथले नियम वाचावेत, कॅलिफोर्नियात अशी दहा सेक्शन आहेत.

हे सगळं वाचून कुणाच्या डोक्यात आलं असेल की मग आपण पोराला सरळ लहान गटातल्या शाळेत टाकू, लगेच स्टार होईल. थांबा जरा. टेक्सासमध्ये नववीनंतर शाळा बदलून व्हर्सिटी खेळायचं असेल तर एक फॉर्म भरावा लागतो, आधीच्या शाळेचीही त्यावर सही लागते, आणि खेळासाठीच शाळा बदलली असं कमिटीला वाटलं तर किमान एक वर्ष व्हर्सिटी बंद. "जवळ पडतं म्हणून घर बदललं" हे सांगून सुटता येतं असं समजू नका, ते लोक असल्या गोष्टी रोज ऐकतात. घर बदलायचंच असेल तर पोर नववीत जायच्या आधी बदला आणि बदलण्याआधी त्या शाळेच्या आयएसडीत नवीन हायस्कूल निघणार आहे का ते विचारा. नवीन शाळा निघाली की जुनीचा पट अर्धा होतो, आज ६ए म्हणून घेतलेलं घर दोन वर्षांत ५ए मध्ये जातं, किंवा घराचा पत्ताच नव्या शाळेच्या हद्दीत जातो, जिथं पहिल्या वर्षी बारावीचा वर्गच नसतो आणि टीम नववी-दहावीच्या पोरांची. आमच्या एजंटनं हे सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आणि तुमचं पोर खेळतच नसेल तरी हे गट तुम्हाला सुटणार नाहीत. टेक्सासमध्ये यूआयएल खेळाबरोबर मार्चिंग बँड, वादविवाद, स्पेलिंग, गणित यांच्याही स्पर्धा घेतं आणि त्यातही हेच १ए ते ६ए. त्यातला नंबर सेन्स म्हणून एक प्रकार आहे, १० मिनिटांत ८० गणितं, सगळी मनात, कच्चं काम करायचं नाही, लिहिलेलं खोडायचं नाही, फक्त उत्तर. हे बाबांना सांगितलं तर पहिल्यांदा त्यांचा आवाज खुलला. म्हणाले, पावकी-निमकी पाठ करून घे तिच्याकडून, गट कुठला का असेना.